डावा मागचा

मेकॅनिकची एक पद्धत होती. पाचही स्पीकर आपापल्या जागी बसले, वायरी भिंतीच्या कडेकडेनं चोरपावलांनी गेल्या, बेसचा ठोकळा टीव्हीच्या टेबलाखाली सरकला, की तो घरातल्या माणसांना सोफ्यावर शेजारी शेजारी बसवायचा आणि म्हणायचा, "आता डोळे मिटा. जिकडून आवाज येईल तिकडे बोट दाखवा. पाच वेळा."

"म्हणजे आंधळी कोशिंबीर," बायको म्हणाली.

"तसंच समजा काकू. फक्त यात फसवणारं कुणी नाही."

ती हसली आणि लहान मुलीसारखे डोळे घट्ट मिटून बसली. सोफ्याच्या उजव्या टोकाला बसलेल्या तिच्या नवऱ्यानंही मिटले. नळाला पाणी येण्याआधी नुसती हवा येते, तसा एक फसफसणारा आवाज आला. कुठून आला ते त्याला नक्की कळेना, पण टीव्हीच्या आसपास असणार म्हणून त्यानं बोट समोर धरलं. दुसरा समोरच होता. तिसरा समोर उजवीकडे, तो अगदी स्वच्छ. चौथा उजव्या कानाच्या मागे, इतका जवळ की त्यानं मान आखडून घेतली. मग पाचव्याची वाट पाहत तो पापण्यांच्या आतल्या तांबूस अंधारात बसून राहिला. पाचवा येईना. मेकॅनिक काहीतरी जुळवत असेल, असं त्याला वाटलं. मग वाटलं, खेळ संपला असेल आणि आपण एकटेच डोळे मिटून बसलो असू. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूनं काहीतरी बारीक, कागद कुरकुरावा तसं आलं, आणि सुटलो एकदाचे, अशा घाईनं त्यानं तिकडे बोट केलं. डोळे उघडले तर रिमोट हातात धरून मेकॅनिक स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. तिथं फ्रिजशिवाय काहीच नव्हतं. बायकोचा हात अजून उचललेलाच होता. तिचं बोट पाठीमागे, डावीकडे, शब्दकोशांच्या फळीवर ठेवलेल्या पाचव्या स्पीकरवर नेमकं रोखलेलं होतं. पण तिचे डोळे उघडे होते, आणि ती स्पीकरकडे बघत नव्हती. ती त्याच्या बोटाकडे बघत होती.

"डावा मागचा काकांना आला नाही वाटतं," मेकॅनिक म्हणाला. "आवाज वाढवला तर म्हणे फ्रिजमधून येतोय. थांबा, वायर बघतो." तो चाळिशीचा, जाड मिशांचा माणूस होता. गुडघ्यांना जाड पट्टे बांधून तो सकाळपासून फरशीवर रांगत होता आणि दर थोड्या वेळानं स्वतःशीच "झालंच, झालंच" म्हणत होता. आता तो तसाच रांगत सोफ्यामागे गेला. बायको उठली. "चहा ठेवते," ती म्हणाली आणि आत गेली. जाताना तिनं मागे वळून पाहिलं का, हे नवऱ्याला कळलं नाही, कारण तो तेव्हा आपलं बोट खाली घेत होता. जणू ते बोट दुसऱ्या कुणाचं होतं आणि सांभाळून जागेवर ठेवायला हवं होतं.

छापखान्यात त्याला सगळे वेलांटी म्हणत. उंच, काटकुळा, आणि वरून थोडा वाकलेला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी जुना कुणी भेटला की "काय वेलांटी, कुणाच्या डोक्यावर बसलास हल्ली?" असं विचारायचाच. एकतीस वर्षं त्यानं प्रुफं तपासली. त्याचं टेबल एका लाकडी आडभिंतीला चिकटलेलं होतं आणि भिंतीपलीकडे छपाईचं यंत्र होतं. ते यंत्र एकतीस वर्षं त्याच्या डाव्या कानाशी बोलत राहिलं. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही, उलट यंत्र थांबलं की चुकल्यासारखं व्हायचं. उजव्या बाजूला, यंत्रापासून लांब, मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचणारी बसायची. ती वाचणार, आणि यानं प्रुफावर बोट फिरवत ताडून बघायचं, अशी कामाची रीत होती. ती नुसते शब्द वाचत नसे, खुणाही वाचायची. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद. एखादा शब्द निसटला की तपासणाऱ्यानं एवढंच म्हणायचं, "पुन्हा." आणि वाचणारीनं ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं, कपाळाला आठी न घालता. दिवसातून शंभरदा तो "पुन्हा" म्हणत असेल. त्यात कधी कमीपणा वाटला नाही, कारण न ऐकलेल्या ओळीपुढे बरोबरची खूण करणं हेच त्या खोलीतलं एकमेव पाप होतं. तिसऱ्या वर्षी वाचणारीनं एकदा मधल्या सुट्टीत त्याला विचारलं होतं, "तुम्ही मुद्दाम तर पुन्हा म्हणत नाही ना?" तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला होता. पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केलं.

डावा कान गेला हे त्याला दीड वर्षापूर्वी कळलं. म्हणजे गेला असेल आधीच, कळलं तेव्हा. मुलाचा फोन आला, त्यानं सवयीनं डाव्या कानाला लावला आणि फोन मुका झाला. फोनच बिघडला असं समजून तो दोनदा दुकानात जाऊन आला. दुसऱ्या वेळी दुकानदारानं फोन स्वतःच्या कानाला लावून "हॅलो हॅलो" केलं आणि त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो फोन घेऊन घाईघाईनं बाहेर पडला. डॉक्टरकडे जायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे घरी सांगायचं, आणि घरी सांगायचं म्हटलं की त्याला वडील आठवायचे. वडील शेवटची सहा वर्षं ठार बहिरे होते. ते खिडकीपाशी एका लाकडी खुर्चीत बसायचे. आधी घरातले त्यांच्याशी ओरडून बोलत, मग ओरडायचा कंटाळा आला म्हणून थोडक्यात बोलत, मग नुसत्या खुणा करत, आणि मग तेही बंद झालं. चारचौघं हसले की वडीलही हसायचे, मात्र एका क्षणानं उशिरा. आणि हा, तेव्हा अकरा वर्षांचा, बहिणीला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचा आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायचा. वडील त्याच्या तोंडाकडे आशेनं बघायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हो, हो, तसंच करू." बहीणभावंडं पोट धरून हसायची. हे त्यानं आयुष्यात कुणालाही सांगितलेलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आणि आता त्याच्या स्वतःच्या तोंडात तशी दोन-तीन वाक्यं तयार झाली होती, गुळगुळीत, कुठल्याही प्रश्नाला बसणारी. खरंय. बघू. तुला योग्य वाटेल तसं कर.

सोफ्यामागून मेकॅनिकचा आवाज आला. काहीतरी वायरीबद्दल असावं. "खरंय," तो म्हणाला.

डॉक्टरऐवजी तो आवाजाच्या दुकानात गेला, हे आता, या क्षणी, त्याला अगदी वेड्यासारखं वाटत होतं. पण तेव्हा त्यामागे एक हिशेब होता. टीव्हीवरची माणसं पुटपुटतात, असं तो वर्षभर म्हणत होता. हल्लीच्या नटांना शब्द टाकता येत नाहीत, असंही म्हणून झालं. मग वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ती जाहिरात आली. पाच मुठीएवढे स्पीकर आणि मधे सोफ्यावर बसलेलं कुटुंब. आवाज तुमच्या चहूबाजूंनी, असं खाली लिहिलं होतं. चहूबाजूंनी. त्याला वाटलं, आवाज जर सगळीकडूनच आला तर एक बाजू बंद असली काय आणि चालू असली काय. छत्री फाटलेली असली तरी घरात बसल्यावर कोण बघतं, तसं काहीसं. तीन आठवडे त्यानं वहीत टिपणं काढली. मोठे संच, मधले संच, छोटे संच. बायको म्हणाली होती, "काय आणायचं ते आणा, पण माझ्या भिंतीवर पेट्या टांगायच्या नाहीत." म्हणून छोटा. दुकानातल्या बाईनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि पडद्यावर एक विमान सोडलं. "आता मागून जातंय बघा काका, आता डावीकडून वळलं." शेजारी एक गृहस्थ बसले होते. ते जिकडे मान वळवत तिकडे यानंही मान वळवली, आणि बाई खूश झाली. "तुमचा कान तयार आहे काका," ती म्हणाली. "पुष्कळांना फरकच कळत नाही." घरी येऊन त्यानं माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, त्यातल्या चौदा चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या, पण डोळे मिटून बोट दाखवायचं असतं हे कुठल्याच पानावर नव्हतं.

आणि चार महिन्यांपूर्वीचा पूल.

रोज संध्याकाळी ते दोघं पुलापर्यंत फिरायला जात. ती डाव्या हाताला. लग्न झाल्यापासून ती डाव्याच हाताला चालायची, गाड्यांपासून आत. त्या दिवशी ती पुलाच्या मधोमध थांबली. कठड्यावर दोन्ही हात ठेवून पाण्याकडे बघत बोलायला लागली. मागून गाड्यांची रीघ चालली होती. तिचे ओठ हलताना त्याला बाजूनं दिसत होते. ती बराच वेळ बोलली. चार वाक्यं असतील, पाच असतील. मधे एकदा थांबली, मान खाली घातली, पुन्हा बोलली. मग त्याच्याकडे वळली आणि वाट पाहत राहिली. तेव्हा त्यानं "पुन्हा" म्हणायला हवं होतं. एवढा एकच शब्द, आयुष्यात लाखदा वापरलेला. पण पुलावर, तिच्या त्या थांबलेल्या चेहऱ्यासमोर, त्याला तो सापडला नाही. तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं कर." तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. हे त्याला ओठांवरून कळलं. परतताना ती अर्धं पाऊल पुढे चालत होती.

त्यानंतर आठवड्याभरात डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. साखर. मीठ. चहा. बारीक मीठ वेगळं. मग एके सकाळी तिनं त्याला कपडे धुण्याच्या मशीनसमोर उभं केलं आणि कुठलं बटण कशाचं ते दाखवलं. मग भात. "दोन वाट्या पाणी, एक वाटी तांदूळ. एवढं तरी यायला हवं माणसाला." कपाटाच्या दारावर आतून एक कागद लागला, त्यावर तिच्या गोल अक्षरात फोन नंबर, दूधवाला, प्लंबर, दवाखाना. शिवाय ती हळूहळू कमी बोलायला लागली. की तो कमी ऐकायला लागला होता? हे त्याला ठरवता येईना आणि त्यातच त्याची झोप गेली. घर शांत झालं होतं, आणि ही शांतता बाहेरची की आपल्या डोक्यातली, हे विचारायलाही कुणी नव्हतं. एकदा ती भाजी आणायला गेल्यावर त्यानं तिची कागदपत्रं काढून पाहिली. दवाखान्याचा एखादा अहवाल असेल, एखादा एक्स-रे असेल. चष्म्याच्या पावतीशिवाय काही मिळालं नाही, तर त्याला हायसं वाटण्याऐवजी जास्तच भीती वाटली. म्हणजे तिनं लपवलं होतं. म्हणजे पुलावर तिनं सांगितलं होतं की मला असं असं झालंय, आणि विचारलं होतं की उपचार करू की नको, आणि त्यानं म्हटलं होतं, तुला योग्य वाटेल तसं कर. तो भात शिकला. एकही प्रश्न न विचारता, जळका, गिच्च, मग बरा भात शिकला. रोज सकाळी उठून तो आधी तिच्या श्वासाकडे बघायचा. विचारायचं तर आधी कबूल करायचं, की त्या दिवशी आपण ऐकलंच नाही. आणि एक दिवस गेला की ते दुपटीनं जड व्हायचं, भिजलेल्या गोधडीसारखं. चार महिन्यांत ते उचलण्यापलीकडे गेलं होतं.

"काका, जरा डोकं स्थिर ठेवा." मेकॅनिकनं मोजपट्टीचं पत्र्याचं टोक त्याच्या डाव्या कानाला टेकवलं. गार लागलं. कानाला स्पर्श कळत होता, तेवढा मात्र होता अजून. "कानाच्या रेषेत हवा मागचा. दोन बोटं खाली आहे का काय..." त्यानं शब्दकोशांचा एक खंड काढून स्पीकरखाली सरकवला. मग डाव्याची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला जोडून पाहिली. मग उजवा मागचा काढून डावीकडे आणला. दर वेळी तो रिमोट दाबून विचारायचा, "डावीकडून आला?" आणि दर वेळी हा थोडा विचार केल्यासारखं करून मान हलवायचा, नाही. ते खोटं नव्हतं. ते खोटं नाही, एवढाच काय तो आधार त्याला उरला होता. मेकॅनिकच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं स्पीकर काढून स्वतःच्या कानाला लावला, ऐकला, पुन्हा लावला. "मला तर टकाटक येतोय. पण तुम्हाला नाही म्हणजे नाही." तो बसकण मारून जमिनीवर बसला. "असं करतो, हा खराब म्हणून परत पाठवतो. पण दुकान म्हणेल लावणाऱ्यानं बिघडवला. मागच्या महिन्यात तसंच झालं. एका घरी आजीबाई म्हणाल्या आवाज फाटतोय, अन् बोलणी मी खाल्ली. काही नाही, आपलं नशीबच फाटकं, त्याला कुठली वायर जोडणार?"

बायको चहा घेऊन आली. मेकॅनिकचा कप त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला, नवऱ्याचा त्याच्या हातात दिला, आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मेकॅनिकनं पिशवीतून एक छापील कागद काढला. संच लावून झाल्यावर ग्राहकानं भरायचा. त्यावर पाच चौकटी होत्या, प्रत्येक स्पीकरची एक, आणि वर लिहिलं होतं की सर्व आवाज मी स्वतः ऐकले. "चारांवर बरोबरची खूण करा काका, अन् पाचव्यावर फुली मारा. खाली सही. म्हणजे मी निघतो."

त्यानं पेन घेतलं. पहिल्या चौकटीत खूण केली. तो आवाज ऐकला होता, जागा चुकली तरी. दुसरी, तिसरी, चौथी. पाचव्या चौकटीवर पेन थांबलं. फुली म्हणजे स्पीकर वाईट. बरोबरची खूण म्हणजे मी ऐकला. दोन्हीपैकी एकही खरं नव्हतं, आणि एकतीस वर्षांत असा कागद त्याच्यासमोर आला नव्हता. पेनाचं टोक कागदावर टेकून राहिलं आणि तिथं शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. समोर माणूस चहा फुंकत बसला होता, ज्याला उद्या दुकानात बोलणी खायची होती, एका चांगल्या स्पीकरपायी.

"स्पीकर चांगला आहे," तो म्हणाला. आवाज आपला आहे असं त्याला वाटलं नाही. "मलाच डावा कान नाही."

मेकॅनिकनं आधी त्याच्या कानाकडे पाहिलं. कान जागेवर होता.

"म्हणजे ऐकू येत नाही. त्या बाजूनं."

दाराशी काही हललं नाही. त्यानं मान वळवली, कारण न बघता त्याला काहीच कळणार नव्हतं. बायको त्याच्याकडे बघत होती. "कधीपासून?" ती म्हणाली. तिथून तिचा आवाज उजव्या कानाला स्पष्ट आला.

"दीड वर्ष. कदाचित जास्तच."

"दीड." तिची नजर आत कुठेतरी गेली, मागे मागे जात असावी, आणि एका ठिकाणी थांबली. "मग पुलावर?"

"पुलावर काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"एक शब्दही नाही. तू बोलत होतीस एवढं दिसलं."

"आणि तरी उत्तर दिलंत."

"दिलं."

"चार महिने," ती म्हणाली, "चार महिने त्या उत्तराला धरून मी दिवस काढतेय. आणि ते कशाचं उत्तर ते तुम्हालाच माहीत नाही?"

मेकॅनिक कप ठेवून उठायला लागला. "मी जरा खाली गाडीतून टेप घेऊन..."

"बसा हो तुम्ही," ती म्हणाली. "चहा संपवा. हे चार महिन्यांचं दुखणं आहे, पाच मिनिटांत कुठं पळत नाही."

दुखणं. तो शब्द ऐकला आणि त्यानं हातातलं पेन कागदावर आडवं ठेवलं. आता सगळं सांगूनच झालं होतं, उरलेलंही जाऊ दे. "तू आजारी आहेस ना?" त्यानं विचारलं. "तेच सांगितलं होतंस ना?"

"आजारी? कुणी सांगितलं?"

"डब्यांवर नावं. मशीन. कपाटातले नंबर."

तिच्या तोंडून एक आवाज निघाला, त्याला हसणं म्हणता आलं नसतं. "म्हणजे मी मरणार म्हणून तुम्ही भात शिकलात?"

"हो."

"आणि विचारलं नाहीत."

गुळगुळीत वाक्यांपैकी एकही बसेना. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसला. तिची पावलं आली, कुठून ते कळलं, उजवीकडून. ती त्याच्यापुढे उभी राहिली. "सरका तिकडे," ती म्हणाली. तो डाव्या टोकाला सरकला. ती उजव्या बाजूला बसली, छापखान्यातल्या जागेवर, जिथे ती किती वर्षांत बसलेली नव्हती. पदराचं टोक तिनं मुठीत धरलं होतं, पूर्वी हस्तलिखित धरायची तसं. समोर बघत, जरा सपाट, कामाच्या आवाजात तिनं सुरुवात केली.

"ताई एकटी पडली आहे, स्वल्पविराम, आणि माझ्याकडे कायमची राहायला ये म्हणते आहे, पूर्णविराम. तुम्ही हल्ली माझ्याशी बोलत नाही, स्वल्पविराम, मी बोलते तेव्हा दुसरीकडे बघता, पूर्णविराम. मी घरात असले काय आणि नसले काय, स्वल्पविराम, तुम्हाला सारखंच, असं मला वाटायला लागलं आहे, पूर्णविराम. नवा परिच्छेद." ती थांबली. तिनं आवंढा गिळला. तोही ऐकू आला. "मी जाऊ का, प्रश्नचिन्ह."

खोलीत फक्त बेसच्या ठोकळ्याची बारीक घरघर होती, आणि ती त्याला फरशीतून तळपायांना कळत होती. तिनं आजार सांगितला नव्हता. ती मरणार नव्हती. हे कळल्यावर छाती मोकळी व्हायला हवी होती, पण भीती तशीच उठून दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसली. ती त्याला सोडून चालली होती आणि जा असं त्यानं स्वतःच सांगितलं होतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली होती. स्वतःचं एक वाक्य करायचं तर आधी मनात, मग कच्चं, मग पक्कं. आता तेवढी सवड नव्हती.

"नको जाऊस," तो म्हणाला.

"पुन्हा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळाला आठी नव्हती. ती समोर, बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडे बघत होती.

"नको जाऊस."

"ताईनं खाट घेतलीये माझ्यासाठी," मुठीतला पदर सोडत ती म्हणाली. "येत्या शनिवारी येते म्हणून शब्द दिलाय मी. तो काही मोडणार नाही. पंधरा दिवस जाईन. आणि तुम्ही यायचं बरोबर. राहायला म्हणून नाही, तिला सांगायला, की हिला नेऊ नका. आणि त्याच्या आधी कानाचा डॉक्टर. उद्या. मी येणार, खुर्चीपर्यंत. तुमच्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही."

"खरंय," तो म्हणाला, आणि जीभ चावली.

मेकॅनिकनं इतका वेळ रिकाम्या कपात बघत काढला होता. आता तो खाकरला. "काका, एक करता येतं. डावे दोन बंद करतो, अन् सगळं उजवीकडे वळवून देतो. तुम्हाला पूर्ण ऐकू येईल. काही हरकत नसते, पुष्कळ घरी करतात."

"नको," तो म्हणाला. "डावीकडचे असू द्या. तिला ऐकू येतात."

"मग एकदा शेवटचं. पद्धतच आहे आमची. मग सही."

त्यानं डोळे मिटले. पहिला आवाज, टीव्हीपाशी. दुसरा. तिसरा. चौथा उजवीकडे मागे, तिच्या खांद्यावरून. मग तो पाचव्यासाठी थांबला, आणि पापण्यांच्या आत तेच तांबूस, रिकामं आलं. तो येणार नव्हता हे माहीत असूनही त्यानं सगळं अंग कानात गोळा केलं. काहीच नाही. ती शेजारी आहे की उठून गेली, हेही त्याला कळेना. ती अगदी न हलता बसली असेल किंवा पुन्हा दाराशी जाऊन उभी असेल. शनिवार, खाट, रिकामं घर, एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. मग त्याचं मनगट कुणीतरी धरलं. बोटं कोरडी, ओळखीची. हात वर उचलला गेला, जरा आडदांडपणेच मागे वळवला गेला, डावीकडे, शब्दकोशांच्या दिशेनं, आणि त्याचं दुमडलेलं बोट एका हातानं सरळ केलं गेलं. तिनं हात सोडला नाही.

मेकॅनिकनं रिमोट खाली ठेवला असावा. "झालंच," तो म्हणाला.

डोळे न उघडता, बोट तसंच धरून, वेलांटी म्हणाला, "पुन्हा."